सामाईक साच्यातील पाननिहाय एचटीएमएल गुणधर्म

सामाईक साच्यातील पाननिहाय एचटीएमएल गुणधर्म ही वेबपानांच्या रचनेतील एक पद्धत आहे. एकाच साच्यावरून अनेक पाने तयार होत असताना प्रत्येक पानाच्या घटकांना त्या पानापुरते वेगळे गुणधर्म देणे, हा तिचा उद्देश असतो. संकेतस्थळाचा मथळा, दिशादर्शक पट्टी आणि तळपट्टी हे भाग सर्व पानांवर सारखे असतात, म्हणून ते साच्यात एकदाच लिहिले जातात. पानाची भाषा, लेखनाची दिशा, शीर्षक, पानाचा प्रकार आणि पट्टीतील चालू दुवा ही माहिती मात्र पानागणिक बदलते. ही बदलती माहिती ज्या घटकांवर लिहायची असते ते घटक बहुधा साच्यातच असतात आणि पान लिहिणाऱ्याच्या हाती नसतात. त्यामुळे साच्यात अशा माहितीसाठी आधीच जागा राखून ठेवावी लागते.

पुण्यासारख्या शहरातील संकेतस्थळांवर मराठी, इंग्रजी, हिंदी, संस्कृत आणि उर्दू अशा भाषांचा मजकूर एकत्र आढळतो. तेथे या पद्धतीचे महत्त्व विशेष जाणवते. मराठी, हिंदी आणि संस्कृत या तिन्ही भाषा देवनागरी लिपीत लिहिल्या जात असल्याने भाषेची चुकीची नोंद डोळ्यांना सहसा दिसत नाही. पान ऐकून वाचणाऱ्या व्यक्तीला मात्र ती पहिल्याच वाक्यात जाणवते.

गुणधर्म आणि त्यांची व्याप्ती

एचटीएमएलमधील पान हे एकात एक बसवलेल्या घटकांचे बनलेले असते. सर्वांत बाहेरचा घटक ‘एचटीएमएल’ या नावाचा असतो. त्याच्या आत पानाविषयीची माहिती ठेवणारा ‘हेड’ आणि प्रत्यक्ष मजकूर ठेवणारा ‘बॉडी’ असे दोन घटक असतात. घटकाच्या आरंभीच्या टॅगमध्ये नाव आणि मूल्य अशा जोडीने जी माहिती लिहितात तिला गुणधर्म किंवा ॲट्रिब्यूट म्हणतात. प्रत्यक्ष लेखनात ही सर्व नावे रोमन लिपीत असतात.

पानागणिक बदलणारे प्रमुख गुणधर्म पुढीलप्रमाणे आहेत.

• लँग : मजकुराची भाषा. मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’, संस्कृतसाठी ‘एसए’, इंग्रजीसाठी ‘ईएन’, उर्दूसाठी ‘यूआर’ आणि कोकणीसाठी ‘केओके’ असे संकेत वापरतात.
• डिर : लेखनाची दिशा. देवनागरी व रोमन लिपी डावीकडून उजवीकडे, तर उर्दूची लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते.
• आयडी आणि क्लास : घटकाचे एकमेव ओळखनाम आणि त्याचा वर्ग. पानाच्या प्रकारानुसार मांडणी बदलण्यासाठी यांचा उपयोग होतो.
• एरिया-करंट : दिशादर्शक पट्टीतील कोणता दुवा चालू पानाचा आहे, हे सांगणारा गुणधर्म.
• एचरेफलँग : हेडमधील ज्या दुव्याने त्याच पानाची दुसऱ्या भाषेतील आवृत्ती दाखवली जाते, त्या दुव्यावरील भाषासंकेत.

यांपैकी लँग आणि डिर हे गुणधर्म वारशाने उतरतात. बाहेरच्या घटकावर दिलेली भाषा आतील सर्व मजकुराला लागू होते आणि एखाद्या आतील घटकावर वेगळी भाषा दिल्यास तेथून आत ती लागू होते. परिणामी, सर्वांत बाहेरच्या टॅगमधील एक चुकीचा शब्द साच्यावर आधारलेल्या प्रत्येक पानाच्या प्रत्येक ओळीपर्यंत पोहोचतो.

भाषासंकेत दोन किंवा तीन अक्षरांपुरता मर्यादित नसतो. सप्टेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५६४६ या दस्तऐवजाने ठरवलेल्या रचनेनुसार त्याला लिपीचा उपसंकेत जोडता येतो. मोडी लिपीतील मराठी मजकुरासाठी ‘एमआर-मोडी’ असा संकेत होतो. युनिकोडमध्ये मोडी लिपीचा समावेश २०१४ मध्ये सातव्या आवृत्तीत झाला. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांकडे मोडी कागदपत्रांचे मोठे संग्रह आहेत. असे साहित्य मजकूररूपात वेबवर मांडताना मूळ मोडी लेखन आणि त्याचे देवनागरी लिप्यंतर एकाच पानावर असू शकते. भाषा दोन्हीकडे मराठीच असली तरी लिपीचा उपसंकेत वेगळा द्यावा लागतो.

साच्यातील राखीव जागा

साच्याचे काम छापील अर्जासारखे असते. कायमचा मजकूर आधीच छापलेला असतो आणि बदलत्या माहितीसाठी मोकळी जागा सोडलेली असते. वेबपानाच्या साच्यात ही जागा मजकुराप्रमाणेच टॅगच्या आतही सोडता येते. तिची अंमलबजावणी सामान्यतः तीन टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात साच्यातील गुणधर्माच्या मूल्याच्या जागी एक चल ठेवतात. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक पान त्या चलाचे मूल्य घोषित करते. ही घोषणा पानाच्या आरंभीच्या माहितीत, विदागारातील नोंदीत किंवा पानाच्या पत्त्यात असू शकते. तिसऱ्या टप्प्यात साचा आणि पान एकत्र करणारी प्रणाली ते मूल्य योग्य ठिकाणी भरते. पानाने काहीच घोषित केले नसेल तर गृहीत मूल्य वापरले जाते.

या रचनेत गृहीत मूल्याची निवड महत्त्वाची ठरते. बाजारात किंवा वेबवर मोफत मिळणारे बहुतेक तयार साचे इंग्रजीत लिहिलेले असतात आणि त्यांच्या पहिल्या टॅगमध्ये ‘ईएन’ हे मूल्य थेट लिहिलेले असते. असा साचा मराठी संकेतस्थळासाठी वापरताना दिसणारा मजकूर बदलला जातो, पण न दिसणारे मूल्य तसेच राहते. ज्या संकेतस्थळावर बहुतांश पाने मराठीत आहेत तेथे गृहीत मूल्य मराठी ठेवून इंग्रजी पानांना वेगळी घोषणा करायला लावणे सोयीचे असते. दोन्ही भाषांची पाने सारख्याच प्रमाणात असतील तर गृहीत मूल्यच न ठेवता भाषा घोषित न करणारे पान प्रसिद्ध होण्यापूर्वीच अडवणे अधिक सुरक्षित ठरते.

इतिहास

वेबच्या आरंभीच्या काळात प्रत्येक पान स्वतंत्र फाइल म्हणून लिहिले जाई. लँग आणि डिर हे गुणधर्म जानेवारी १९९७ मधील आरएफसी २०७० या दस्तऐवजात मांडले गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या एचटीएमएल ४.० मध्ये समाविष्ट झाले. संकेतस्थळे वाढू लागली तशी समान भाग एका फाइलीत ठेवून इतर पानांत जोडण्याची पद्धत रूढ झाली. मात्र जोडलेल्या भागातील टॅग पानानुसार बदलणे तिच्यात सोपे नव्हते.

मॅक्रोमीडिया कंपनीच्या ड्रीमवीव्हर या संपादकात २००२ च्या एमएक्स आवृत्तीपासून साच्यातील एखादा गुणधर्म ‘संपादनयोग्य’ म्हणून जाहीर करण्याची सोय आली. साच्याचा कर्ता त्या गुणधर्माला नाव, प्रकार आणि गृहीत मूल्य देत असे. पानाचा लेखक एका संवादचौकटीत आपल्या पानाचे मूल्य भरत असे. पुढे साचा बदलला आणि सर्व पाने पुन्हा तयार केली, तरी प्रत्येक पानाचे स्वतःचे मूल्य टिकून राहत असे. त्या काळात बॉडी घटकाला पानागणिक वेगळा आयडी देऊन पट्टीतील चालू दुवा उठावदार करण्याची युक्ती लोकप्रिय होती. या युक्तीने चालू दुवा फक्त डोळ्यांना कळतो. डिसेंबर २०१७ मध्ये अंतिम झालेल्या एरिया १.१ या मानकातील एरिया-करंट या गुणधर्मामुळे तीच माहिती स्क्रीन रीडरलाही मिळू लागली.

नंतरच्या आशय व्यवस्थापन प्रणालींनी हे काम सर्व्हरवर नेले. वर्डप्रेसमध्ये पानाच्या भाषेचे आणि बॉडीच्या वर्गांचे गुणधर्म छापण्यासाठी स्वतंत्र तयार फंक्शने आहेत. ड्रुपलच्या आठव्या आवृत्तीपासून ट्विग ही साचाभाषा वापरली जाते. तिच्यात सर्वांत बाहेरच्या घटकाचे गुणधर्म एका संचाच्या रूपाने साच्याकडे येतात. जॅंगोमध्ये मूळ साच्यातील ठरावीक विभाग पानाच्या साच्याला बदलता येतात. जेकिल व ह्यूगो यांसारख्या स्थिर संकेतस्थळ निर्मात्यांत पानाच्या फाइलीच्या डोक्यावर दोनतीन ओळींत ही मूल्ये लिहितात.

देवनागरीतील विशेष प्रश्न

एखाद्या पानावरील चिनी मजकुरावर चुकून ‘इंग्रजी’ अशी नोंद असेल तर लिपी पाहूनच काही तरी चुकल्याचे ओळखता येते. मराठी मजकुरावर ‘हिंदी’ अशी नोंद असेल तर लिपीवरून काहीच कळत नाही. फरक तीन ठिकाणी प्रकटतो.

उच्चार. स्क्रीन रीडर ही प्रणाली पानावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखवते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लँग गुणधर्म पाहून वाचनाची भाषा आपोआप बदलू शकतो. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या वाणी-संश्लेषकात मराठीची सोय आहे. पानावर हिंदीची नोंद असेल तर ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द हिंदी वळणाने ‘ग्यानेश्वर’ असा वाचला जाण्याची शक्यता असते. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘जग’ या शब्दाचा विश्व हा अर्थ असताना होणारा उच्चार आणि ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थात होणारा उच्चार वेगळे आहेत. हिंदीचे नियम पाळणारा आवाज हा भेद करू शकत नाही. अंकांचा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. मिळकतकराच्या पानावरील २५ हा आकडा मराठीत ‘पंचवीस’, हिंदीत ‘पच्चीस’ आणि इंग्रजीत ‘ट्वेंटी फाइव्ह’ असा वाचला जातो. तो कसा वाचायचा हे अंकचिन्हावरून ठरत नाही, ते घोषित भाषेवरून ठरते. मराठी वाक्याच्या मध्येच रक्कम, मुदत किंवा गटक्रमांक परक्या भाषेत ऐकू आला तर ऐकणाऱ्याकडून चुकीची नोंद घेतली जाऊ शकते.

अक्षरांचे रूप. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाद्वारे मराठीची प्रमाण वर्णमाला आणि लिपीविषयक नियम जाहीर केले. त्यांनुसार मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावयाचे आहेत. हिंदीत दंडयुक्त ‘ल’ आणि गाठयुक्त ‘श’ प्रचलित आहेत. युनिकोडमध्ये दोन्ही रूपांचा संकेतांक एकच आहे. ओपनटाइप प्रकारच्या काही देवनागरी फाँटमध्ये दोन्ही रूपे असतात आणि कोणते दाखवायचे हे ब्राउझर लँग गुणधर्मावरून ठरवतो. याउलट ‘वाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ’ला किंवा ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक आहे, त्यामुळे भाषेची नोंद चुकली तरी ती अक्षरे बदलत नाहीत.

मांडणी आणि प्रक्रिया. ओळीच्या शेवटी शब्द तोडणे, अवतरणचिन्हांची निवड, शुद्धलेखन तपासणी आणि भाषेनुसार फाँटचा आकार बदलणे ही कामे ब्राउझर घोषित भाषेच्या आधारे करतो. शोधयंत्रांच्या बाबतीत मात्र एक गैरसमज आढळतो. आपले शोधयंत्र पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते आणि त्यासाठी लँग गुणधर्म वापरत नाही, असे गूगलने जाहीर केले आहे. त्यामुळे मराठी शोधात पान सापडते याचा अर्थ त्याची भाषा योग्य नोंदवली आहे असा होत नाही.

पुण्यातील संदर्भ

पुणे हे भारतीय भाषांच्या संगणनाचे एक जुने केंद्र आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजेच सी-डॅकच्या, जिस्ट गटाने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम केले. या कामाची सुरुवात कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाली होती. १९९१ चे इस्की मानक आणि नंतर युनिकोड यांमुळे देवनागरी अक्षरे साठवण्याचा प्रश्न सुटला. पण अक्षर कोणत्या भाषेतील आहे हे या संकेतपद्धती सांगत नाहीत. वेबवर ते काम लँग गुणधर्माकडे आले.

शहरातील सार्वजनिक संकेतस्थळे प्रामुख्याने द्विभाषिक आहेत. पुणे महानगरपालिकेचे आणि पुणे जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत आहे. जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एसथ्रीवास या सेवेवर उभे आहे. देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे याच सेवेतील सामाईक साच्यांवर चालतात. अशा व्यवस्थेत साच्यातील एक योग्य दुरुस्ती अनेक जिल्ह्यांना एकदम लाभते आणि एक चूकही तितक्याच दूरवर पोहोचू शकते. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ नुसार स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठीचा वापर अपेक्षित आहे. त्यामुळे मराठी पाने ही अशा संकेतस्थळांची मुख्य पाने ठरतात.

पुण्यातील संशोधन संस्थांचे स्वरूप आणखी निराळे आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आणि संस्कृत कोशाचे दीर्घ काम चाललेले डेक्कन कॉलेज यांच्या अभ्यासविषयांवरील मराठी किंवा इंग्रजी पानात संस्कृत ग्रंथनामे व उद्धृते येणे स्वाभाविक आहे. येथे पानाची भाषा साच्याने द्यावी आणि संस्कृत अंशाभोवती लेखकाने ‘एसए’ अशी वेगळी नोंद करावी, अशी कामाची वाटणी होते. महापालिकेच्या शाळांत मराठीबरोबर उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. त्यांच्यासाठी उर्दूतील पान करायचे झाल्यास भाषेबरोबर दिशाही बदलावी लागते. केवळ लँग बदलून डिर न बदलल्यास विरामचिन्हे आणि अंक भलत्याच जागी दिसू शकतात. म्हणून साच्यात भाषा आणि दिशा ही जोडी एकाच घोषणेतून ठरवणे हितावह असते.

मराठी विकिपीडियावरही हे दोन स्तर पाहता येतात. तेथील लेखाच्या मजकुरावर मराठीची नोंद असते. एखाद्या सदस्याने आपल्यापुरती दर्शनी भाषा इंग्रजी केली तर पानाच्या सर्वांत बाहेरच्या घटकावर इंग्रजीची नोंद येते, पण लेखाभोवतीच्या घटकावर मराठीचीच नोंद राहते. यामुळे त्या सदस्याचा स्क्रीन रीडर बाजूची यादी इंग्रजीत आणि लेख मराठीत वाचू शकतो.

सुगम्यता आणि कायदा

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेब आशय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत पानाची भाषा यंत्राला कळेल अशी घोषित करणे हा निकष ३.१.१ म्हणून आहे. तो सर्वांत प्राथमिक ‘ए’ पातळीवर येतो. पानातील भिन्न भाषेच्या अंशांची नोंद करण्याचा निकष ३.१.२ हा ‘एए’ पातळीवर आहे. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती या तत्त्वांच्या २.१ आवृत्तीच्या एए पातळीशी जोडलेली आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेविषयीच्या नियम १५(१) चे केवळ शिफारशीसारखे स्वरूप मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक मानके तयार करण्याचा आदेश दिला.

नेहमीच्या चुका

• अपुरा बदल : भाषाबदलाचे बटण दाबल्यावर मजकूर बदलतो, पण बाहेरच्या घटकावरील भाषा जुनीच राहते. पान पुन्हा न मागवता ब्राउझरमध्येच मजकूर बदलणाऱ्या संकेतस्थळांवर हे विशेष घडते. तेथे गुणधर्मही त्याच वेळी बदलावा लागतो.
• साठवलेला तुकडा : सामाईक मथळा वेग वाढवण्यासाठी साठवून ठेवताना भाषा विचारात घेतली नाही, तर मराठी पानासाठी तयार झालेला टॅग इंग्रजी पानालाही दिला जातो.
• रिकामे मूल्य : लँगचे मूल्य रिकामे सोडणे म्हणजे भाषा अज्ञात आहे असे सांगणे होय. चलाचे नाव लिहिताना चूक झाली तर हा प्रकार घडतो.
• देश आणि भाषा यांची गल्लत : ‘आयएन’ हा देशाचा संकेत आहे. मराठीसाठी केवळ ‘एमआर’ पुरेसे असते. देश जोडायचा असल्यास तो भाषेनंतर येतो.
• एकाच आयडीची पुनरावृत्ती : साच्यातील घटकाचा आणि पानातील घटकाचा आयडी सारखा झाल्यास दुवे आणि मांडणीचे नियम चुकीच्या घटकावर लागू होऊ शकतात.
• असुरक्षित मूल्य : गुणधर्माचे मूल्य वापरकर्त्याने दिलेल्या माहितीतून येत असेल तर ते अवतरणचिन्हांत ठेवणे आणि त्यातील विशेष चिन्हे निष्प्रभ करणे आवश्यक असते. तसे न केल्यास परका संकेत पानात शिरू शकतो. भाषेच्या बाबतीत मान्य मूल्यांची छोटी यादी ठेवून तिच्याबाहेरचे मूल्य नाकारणे हा सोपा उपाय आहे.

तपासणी

पानाचा मूळ संकेत ब्राउझरमध्ये उघडून पहिला टॅग पाहणे ही सर्वांत साधी तपासणी होय. एकच पान पाहून मात्र साच्याची परीक्षा होत नाही. एकाच साच्यावरचे किमान एक मराठी आणि एक इंग्रजी पान पाहावे लागते. दोन्हींवर एकच मूल्य आढळल्यास ते साच्यात थेट लिहिलेले असण्याची दाट शक्यता असते.

स्वयंचलित तपासनीस गुणधर्म आहे की नाही आणि त्याचा संकेत वैध आहे की नाही, हे खात्रीने सांगतात. वेबएम या संस्थेने २०१९ मध्ये दहा लाख मुखपृष्ठांची अशी तपासणी केली तेव्हा सुमारे एक तृतीयांश पानांवर भाषेची घोषणाच नव्हती. घोषित भाषा आणि प्रत्यक्ष मजकूर यांचा मेळ मात्र अशा साधनांना नेहमी घालता येत नाही. मराठी पानावरील ‘एचआय’ हा संकेत वैधच असतो आणि लिपीही जुळते. म्हणून देवनागरी पानांसाठी शेवटची तपासणी कानांनी करावी लागते. स्क्रीन रीडर सुरू करून ‘ज्ञ’, ‘ळ’, ‘च’ आणि काही अंक असलेला परिच्छेद ऐकला असता पानावर कोणत्या भाषेची नोंद आहे, हे मराठी भाषकाला सहज ओळखता येते.